लाथेआधी पडणारे गृहस्थ

आवक-जावक कारकून कामाचा भाग म्हणून पहिल्यांदा पडले, ते नोकरीला लागल्याच्या विसाव्या दिवशी.

तेव्हा व्हिडिओ गेम बनवणारी ती कंपनी म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत कारकून आणि टपालाची दोन रजिस्टरं, मागच्या खोलीत थोरले साहेब आणि त्यांचा कॉम्प्युटर. साहेबांनी एक नायक रचला होता. चोरीला गेलेले तास शोधून परत आणणारा शूर घड्याळजी. नायक झाला की शत्रू लागतो. साहेबांना हात आणि बोटं काढता येत नसत, त्यामुळे शत्रूचं झालं गाठोडं. वर गाठ, खाली दोन पाय आणि मध्ये रागावलेल्या भुवया. हे गाठोडं उजवीकडून चालत येई, घड्याळजी त्याला लाथ घाली आणि ते पडे. एवढंच त्याचं चरित्र. पण साहेबांचं घोडं त्या पडण्यापाशीच अडलं होतं. लाथ बसलेला प्राणी नेमका कसा पडतो, हे काही केल्या त्यांना जमेना.

कारकून तेव्हा वरच्या फळीवरची फाइल काढून नुकतेच स्टुलावरून उतरले होते. साहेब लांब दांड्याचा झाडू घेऊन बाहेर आले.

"जरा असेच उभे राहा. मी ढोसतो, तुम्ही पडा."

"कुठे पडू?"

"खाली."

नोकरी पक्की व्हायला अजून पाच महिने होते, त्यामुळे पुढचा प्रश्न कारकुनांनी गिळला. साहेबांनी झाडू उगारला, आणि दांडा अंगाला लागायच्या जरासा आधीच कारकून पडले. मुद्दाम नव्हे. अंगाला काही लागेपर्यंत वाट बघत बसणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. दांडा हवेतून गेला, साहेब स्वतःभोवती अर्धा वळसा फिरले, टेबलाला धरून थांबले आणि म्हणाले, "वा! अस्संच!"

तो 'जरासा आधी' पुढे सव्वीस वर्षं टिकला. घड्याळजीचे अकरा खेळ निघाले. कंपनीने टायरचं दुकान सोडलं, मग ती गल्ली सोडली आणि शेवटी काचेच्या इमारतीचे चार मजले घेतले. पण प्रत्येक नव्या खेळाच्या वेळी कारकुनांच्या टेबलावर चिठ्ठी येई : 'पडण्यासाठी यावे.' कारकून ती आवक रजिस्टरात नोंदवत, जावकेच्या रकान्यात 'स्वतः गेलो' असं लिहीत, बूट काढून टेबलाखाली जोडीने ठेवत, जाऊन पडत आणि परत येऊन टपालाला बसत. ते पुलावरून पडले, जहाजावरून पडले, एकदा हत्तीवरून पडले. (हत्तीच्या जागी दोन टेबलं होती.) पडताना निघणारा 'अंक्' हा आवाजही त्यांचाच, आणि तोही लाथेच्या आधी निघे.

खेळणाऱ्यांनी त्याचे नाना अर्थ लावले. लहान मुलांना वाटे, गाठोडं भित्रं आहे. मोठी मुलं सांगत, ते लबाड आहे. एका समीक्षकाने लिहिलं, की गाठोडं पडून हिंसेचा निषेध करतं. ते कात्रण कुणीतरी कारकुनांना आणून दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, आवकेत नोंदवलं आणि 'कार्यवाही आवश्यक नाही' असा शेरा मारला.

मग एक नवीनच टूम निघाली. निरनिराळ्या कंपन्यांनी आपापली पात्रं आणायची, एका आखाड्यात सोडायची आणि आपसांत लढवायची. ज्यांनी जन्मात एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं, ज्यांचं एकमेकांशी काहीही वाकडं नव्हतं, ते एकमेकांचे दात पाडू लागले. लोकांना हे फार आवडलं.

अशा पहिल्या एकत्र खेळात घड्याळजी लढवय्या म्हणून गेला आणि गाठोड्याला प्रेक्षकांत तिसऱ्या रांगेत जागा मिळाली. आखाड्यात कुणी आडवं झालं, की बाकीचे प्रेक्षक आनंदाने उड्या मारत. गाठोडं तेवढं पडे.

दुसऱ्या खेळात बढती मिळाली असं वाटलं होतं. यात गाठोडं थेट आखाड्यात होतं, पण वस्तू म्हणून. लढाई रंगात आली की वरून एक पिंप, एक खुर्ची किंवा गाठोडं पडे. जो जवळ असेल त्याने ते उचलायचं आणि समोरच्याला हाणायचं. हा खेळ कारकुनांनी सासुरवाडीला सगळ्यांच्या देखत पाहिला. मेव्हण्याने हौसेने मोठा टीव्ही लावला होता.

"भावोजी, खुर्चीला जास्त मार्क आहेत हो!" मेव्हणा म्हणाला. "खुर्ची घातली की समोरच्याची दहा टक्के ताकद जाते. तुम्हाला घातलं तर चारच."

"खुर्ची लाकडी आहे," कारकून म्हणाले.

"आणि पिंपाची आठ."

"पिंप भरलेलं असेल."

बायकोने विषय बदलला. पण त्या दिवसापासून कारकून खुर्चीत बसताना किंचित थांबत, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही.

तिसऱ्या एकत्र खेळाचं पत्र आलं, ते रीतीप्रमाणे आधी कारकुनांच्याच हातात पडलं. त्यांनी पाकीट फोडलं, शिक्का मारला आणि मग वाचलं. या खेपेला लोकांकडून मतं मागवली होती आणि लोकांनी, बहुधा गंमत म्हणून, लढवय्या म्हणून गाठोड्याला निवडून दिलं होतं. खाली अट होती. प्रत्येक लढवय्याचे घाव, मार खाणं आणि किमान एक विजयमुद्रा संयुक्त समितीच्या समन्वयकांसमोर दोन दिवसांत सादर करावी. न जमल्यास 'सदर पात्रास प्रेक्षकांत बसवण्यात येईल.'

कारकुनांनी त्याच पत्रावर आणखी एकदा शिक्का मारला. सव्वीस वर्षांत असं प्रथमच झालं.

पुढच्या वर्षी ते निवृत्त होणार होते. आपण घरी बसलो तरी जगभरच्या टीव्हींवर आपण पडतच राहणार, हे त्यांना माहीत होतं. त्याबद्दल तक्रार नव्हती. फक्त मध्ये कुठेतरी एकदा आपण उभे दिसावं, एवढंच त्यांना वाटत होतं. आणि ही संधी गेली, तर पुन्हा तिसरी रांग.

चित्रणप्रमुख त्यांच्याहून तीस वर्षांनी लहान होती. तिने आपलेपणानेच सुचवलं, "काका, तुम्ही कशाला दगदग करता? घड्याळजीचं काम करणारा आपला कसरतपटू आहे ना, तोच गाठोड्याचंही करेल. वरून गाठोडं चढवलं की आत कोण आहे ते कुणाला कळतंय?"

"कळत नाही, खरं आहे," कारकून म्हणाले. "पण करतो मीच."

तिने पेन खाली ठेवलं. कारकुनांनी 'पण' हा शब्द ऑफिसात वापरलेला तिने कधी ऐकला नव्हता.

विजयमुद्रेची तयारी घरी झाली. बायको शाळेत पी.टी. शिकवत असे. तिने टीपॉय भिंतीला लावला, नवऱ्याला खोलीच्या मध्यभागी उभं केलं आणि गळ्यातली शिट्टी वाजवली.

"छाती पुढे. हनुवटी वर. पोट— असू दे. हं, आता जिंका."

कारकुनांनी उजवा हात वर केला.

"अहो, ही बस थांबवलीत."

त्यांनी दोन्ही हात वर केले.

"हे शरण आलात."

त्यांनी मूठ आवळून छातीजवळ आणली.

"हा डास धरलात. मेला का निदान? नाही ना! अहो, समोरचा माणूस आडवा झालाय, तुम्ही त्याला लोळवलंय. काय वाटतंय तुम्हाला?"

"त्याला पाणी द्यावंसं वाटतंय."

बायकोने शिट्टी काढून टीपॉयवर ठेवली. आता व्यायामाने भागणार नव्हतं, मुळाशी जायला हवं होतं.

"आठवून बघा. आयुष्यात कधी काही जिंकलात का?"

कारकुनांनी बराच वेळ आठवलं. "सोसायटीच्या सभेत. पाण्याच्या टाकीच्या वेळी. माझंच म्हणणं शेवटी सगळ्यांनी मान्य केलं होतं."

"मग तेव्हा काय केलंत?"

"सगळ्यांची माफी मागितली."

"देवा! बरं, मी होकार दिला तेव्हा? तेव्हा तरी काही वाटलं असेल!"

"वाटलं ना. खूप वाटलं. पण लगेच जिना उतरायचा होता."

"आणि?"

"पडलो."

"अख्खा जिना?"

"शेवटच्या दोन पायऱ्या. तुला सांगितलं नव्हतं."

बायकोने त्यांच्याकडे जरा निराळ्या नजरेने पाहिलं. "अगदी असंच सांगा उद्या त्या समन्वयकांना," ती म्हणाली, आणि हसू आवरायला स्वयंपाकघरात गेली.

दुसऱ्या दिवशी कारकून पोशाख चढवून चित्रणाच्या खोलीत उभे राहिले. खोली शाळेच्या हॉलएवढी होती, खाली निळ्या गाद्या आणि छताला चोवीस कॅमेरे. पोशाख काळा आणि अंगाबरोबर बसणारा होता. कारकुनांच्या अंगाबरोबर यापूर्वी काहीच बसलेलं नव्हतं. त्यावर त्रेपन्न चकचकीत गोळ्या चिकटवल्या होत्या. कॅमेऱ्यांना फक्त गोळ्या दिसतात, माणूस दिसत नाही. गोळ्या हलतात तसं पडद्यावरचं पात्र हलतं. कारकून खाली बसले की पोटावरच्या दोन गोळ्या एकमेकींना भेटत आणि पडद्यावर गाठोड्याच्या भुवया जुळत. तंत्रज्ञ म्हणाले, असू द्या, छान दिसतंय.

समन्वयक हा एक अतिशय सभ्य माणूस होता. हातात चौदा पानांची नियमावली, प्रत्येक पानावर रंगीत खूण.

"साहेब, आधी घाव बघू या," तो म्हणाला.

घावांची सगळ्यांनाच धास्ती होती, आणि नेमके तेच जमले. सव्वीस वर्षं टपालावर शिक्के मारून कारकुनांचं मनगट असं तयार झालं होतं, की त्यांनी वरून खाली मूठ आणली की कसरतपटूच्या हातातली फोमची ढाल दबून अर्धी होई. "माफ करा हं," असं ते प्रत्येक घावाआधी म्हणत, ते आवाजातून नंतर काढायचं ठरलं. समन्वयकाने तिसरं, चौथं आणि पाचवं पान पुरं केलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत खोलीत उत्साह पसरला. चित्रणप्रमुख स्वतः कारकुनांचा डबा घेऊन आली.

घोटाळा झाला तो मार खाण्यात.

कसरतपटू धावत आला, घड्याळजीची ती प्रसिद्ध लाथ त्याने झाडली आणि कारकून पडले. 'अंक्.' लाथ वरून गेली, आणि लाथेमागोमाग कसरतपटूही गेला. तो गाद्यांच्या पलीकडे, खुर्च्यांच्या चळतीत सापडला.

"पुन्हा," चित्रणप्रमुख म्हणाली.

पुन्हा तेच झालं. नऊ वेळा तेच झालं. चौथ्या वेळी कसरतपटूचा गुडघा सुजला. सहाव्या वेळी कारकून मनाशी घट्ट ठरवून उभे राहिले, डोळे मिटले आणि कसरतपटू धावायला लागायच्या आधीच पडले.

तेवढ्यात समन्वयकाच्या माणसांनी ते चित्रण खेळात घालून चाचणी घेतली होती. कागद आला. समन्वयकाने तो वाचला, चष्मा पुसला, परत वाचला.

"साहेब, दोनशे लढती खेळून पाहिल्या. गाठोड्याला एकही लाथ लागलेली नाही. समोरचे सगळे लाथा घालून घालून दमले आणि वेळ संपली. तुमचं पात्र अजिंक्य आहे."

खोलीत कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

"नाही, नाही, टाळ्या नकोत," समन्वयक कळवळून म्हणाला. "अजिंक्य चालत नाही. नववं पान, दुसरा परिच्छेद. ज्याला हरता येतं त्यालाच आम्ही लढवय्या म्हणतो. ज्याला हरताच येत नाही तो जिंकला तरी काय अर्थ? उद्या चारपर्यंत एक लाथ लागू द्या, साहेब. एकच. आणि ती विजयमुद्रा. नाहीतर मला," त्याने अकराव्या पानावर बोट ठेवलं, "नाइलाजाने प्रेक्षकांत..."

आयुष्यभर आपण पडण्यातले जाणकार, असं कारकून मनातल्या मनात समजत आले होते. आपल्याला हरताही येत नाही, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि उशी फेकून मारली. ते पडले. तिने सांगून, तीन आकडे मोजून मारली. ते दोनवर पडले.

"भीती वाटते का?"

"तसं नाही गं. समोरच्याने पाय उचलला, की त्याचं काम अडू नये असं वाटतं."

यावर पी.टी.त काही उपाय नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्यांना भिंतीला टेकवून पाहिलं, ते भिंतीवरून घसरले. दोघांनी दोन्हीकडून धरून पाहिलं, तिघे पडले. पाठीमागून लाथ घालून पाहिली. कशी कोण जाणे, त्यांना ती पाठीने दिसली. साडेतीन वाजले. समन्वयकाने अकरावं पान मोकळं करून मांडीवर ठेवलं आणि पेनाचं टोपण काढलं. चित्रणप्रमुख कुणाकडेच बघत नव्हती.

कसरतपटू गादीवर कारकुनांच्या शेजारी येऊन बसला. गुडघ्याला पट्टी, कोपराला पट्टी.

"काका, एक विचारू? राग मानू नका."

"विचार की."

"माझ्याआधी घड्याळजीचं काम दोघांनी केलं. मी त्यांना फोन केला होता काल. त्यांनाही विचारलं. तुमची लाथ काकांना कधी लागली होती का, म्हटलं. दोघंही म्हणाले, नाही. म्हणजे सव्वीस वर्षं, अकरा खेळ, आणि या घड्याळजीने एकदाही कुणाला लोळवलेलं नाही. लोक आम्हाला शूर म्हणतात. आमच्या लाथेचे टी-शर्ट निघालेत. माझी आई सगळ्यांना दाखवते."

"तुम्ही चांगलंच काम करता."

"काय चांगलं, काका? तुम्ही सौजन्याने पडता म्हणून आम्ही जिंकतो." त्याचा आवाज चढला. "एकदा लागू द्या हो! जोरात नाही घालणार. पण एकदा तरी मला माझ्या पायाला कळू दे, की समोर कुणीतरी आहे!"

कारकुनांना हे फार लागलं. आपण सगळ्यांची सोय बघत आलो, अशी त्यांची समजूत होती. या पोराची एवढी गैरसोय आपण करत होतो, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"अरे, मग आधी नाही का सांगायचंस," असं म्हणून ते उठले, पोशाख खाली ओढला आणि ठरल्या जागी जाऊन उभे राहिले. "ये."

कॅमेरे सुरू झाले. कसरतपटू धावत आला. पाय उचलला गेला. कारकुनांच्या गुडघ्यांनी नेहमीप्रमाणे वाकायला घेतलं, अर्धे वाकले आणि तिथेच, कुणीतरी दारात अडवल्यासारखे थांबले. पोटावरच्या बरोबर त्या दोन गोळ्यांच्या मध्ये 'थप्प' असा आवाज झाला.

कसरतपटू दोन पावलं मागे जाऊन आपल्या पायाकडे बघत राहिला.

"लागली?" त्याने विचारलं.

"लागली," कारकून म्हणाले.

"मग?"

"मग काही नाही." त्यांनी पोटाला हात लावून पाहिला. गुडघे हळूहळू सरळ केले. सव्वीस वर्षं ज्या गोष्टीच्या आधी पडून घेतलं ती एवढीशी होती, याचं त्यांना आश्चर्य वाटत होतं आणि ते आश्चर्य चेहऱ्यावरून निघून जाईना. ते इकडे पाहात होते, तिकडे पाहात होते. पडद्यावर गाठोडं इकडे पाहात होतं, तिकडे पाहात होतं. आणि उभं होतं.

"काका, पडा!" चित्रणप्रमुख कुजबुजली.

"हो, पडतो," कारकून म्हणाले. पण पडले नाहीत.

समन्वयक उठून पडद्याजवळ गेला होता. त्याने नियमावलीचं बारावं पान काढलं, बोट लावून ओळीओळीने वाचलं, तेरावंही वाचलं. "विजयमुद्रेत हात वर हवा, असं कुठेही म्हटलेलं नाही," तो स्वतःशीच म्हणाला. मग मोठ्याने, "लाथ लागलेली आहे. मुद्राही झालेली आहे. मान्य." आणि त्याने सही केली. "लढवय्या, साहेब! आता फक्त हरल्यावरचं पडणं तेवढं घेऊ. खरी लाथ लागल्यानंतरचं."

"घ्या की," कारकून म्हणाले. "पण तेवढं जरा कुणीतरी सांगा. लाथ लागल्यानंतर पडायचं, म्हणजे नेमकं केव्हा पडायचं?"

खोलीत सोळा माणसं होती आणि सगळ्यांची हयात याच धंद्यात गेली होती. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कसरतपटू पुढे झाला, त्याने कारकुनांसमोर पाय रोवले आणि पोटातला श्वास सोडून म्हणाला, "मलाही नक्की माहीत नाही, काका. तुम्ही घाला एक. बघू या, कसं जमतं ते."

"माफ करा हं," कारकून म्हणाले, आणि त्यांनी पाय उचलला.